मुधोळच्या स्थळाला आलेलं इंग्रजी उत्तर

आमच्या घरात मला इंग्रजी येतं असा एक समज होता. तो मीच पसरवला होता, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. बारावीला इंग्रजीत पहिल्या वर्गाचे गुण पडले आणि त्या दिवसापासून औषधाच्या खोक्यातला कागद, खताच्या पोत्यावरचा मजकूर, घड्याळाचं गॅरंटी कार्ड, सगळं माझ्यापुढे यायला लागलं. मी कागद डोळ्यांजवळ धरायची, थोडं थांबायची आणि म्हणायची, "जेवणानंतर घ्यायचं." औषधाच्या बाबतीत ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं. घड्याळाच्या बाबतीतही एकदा मी तेच म्हणाले होते, ते अजून कोणी विसरलेलं नाही.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. आम्ही तेव्हा आदिलाबादजवळ मावल्याला राहत होतो. बाबा मराठी शाळेत गुरुजी होते. आजोबांचा जन्म दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचण्यात गेला आणि बाबांच्या हातात खडू आला. म्हणून असेल, आमच्याकडे लिहिलेल्या शब्दाला फार मान. इतका की आईला अक्षरओळख नव्हती, तर तिचं बोलणंही बाबांनी लिहून काढल्याशिवाय धरलं जायचं नाही.

माझा मोठा भाऊ बंगलोरला एका कारखान्यात लागला होता. दर महिन्याला बाबा त्याला पत्र लिहायला बसत आणि आई शेजारी ज्वारी निवडत आपला मजकूर सांगे.

"त्याले म्हना, लाडू पाठवले थे सोता खाल्ले का मित्राईच्याच घशात घातले?"

बाबा लिहीत, 'प्रकृतीची काळजी घ्यावी.'

"काय लिवलं?"

"तू म्हणालीस तेच."

भाऊ उत्तरात पोस्टकार्ड टाकायचा. त्यावर तीन ओळी. 'पत्र मिळाले. मी मजेत आहे. आईस नमस्कार.' तो ज्या खोलीत राहत होता तिथे फोन नव्हता आणि आमच्याकडे तर नव्हताच.

त्या थंडीत आई-बाबा मुधोळला जाऊन भावासाठी एक मुलगी पाहून आले. माझी परीक्षा होती, मी गेले नव्हते. आल्यावर बाबांनी चार पानी पत्र लिहिलं. मुलगी सालस आहे, गृहकृत्यदक्ष आहे, विचारी आहे, मास्तरकीचं ट्रेनिंग केलेलं आहे, घराणं आपल्यासारखंच आहे, तरी तुझा होकार कळवावा. भावाचं कार्ड आलं. पत्र मिळाले, मी मजेत आहे, आईस नमस्कार. बाबांनी दुसरं पत्र लिहिलं. त्याला कार्डही आलं नाही. इकडे मुधोळहून निरोप आला की त्यांच्याकडे आणखी एका ठिकाणाहून विचारणा आहे, वैशाखी पौर्णिमेच्या आत तुमचं हो किंवा नाही काय ते सांगा.

अशा वेळी ती कॅसेट आली.

भावाच्या कारखान्यातला नार्नूरचा एक जण सुट्टीवर गावी चालला होता. तो वाटेत उतरला, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं बाबांच्या हातात दिलं आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "आईले द्या म्हनला. आनि उत्तर माघारी पाठवा म्हनला." एवढं बोलून पुढची बस चुकू नये म्हणून चहा न घेता गेला.

पुडक्यात एक इंग्रजी गाण्यांची कॅसेट. बाकी काही नाही. चिठ्ठी सापडेल म्हणून बाबांनी ते वर्तमानपत्रही उलटसुलट करून पाहिलं. ते कानडीत होतं.

कॅसेट मी ताब्यात घेतली. डबीच्या कागदावर पाच माणसांचा फोटो होता. केस खांद्यापर्यंत, दाढ्या पांढुरक्या, एकाला चष्मा, आणि सगळ्यांचे चेहरे असे की नुकतेच एसटीनं लांबून आलेत. आत बारा गाण्यांची यादी होती आणि प्रत्येक गाण्यासमोर वेगळं साल. खुद्द कॅसेटच्या वरच्या कडेला दोन ठिकाणी दवाखान्यातल्या चिकटपट्टीचे तुकडे लावलेले होते, धूळ बसून काळे झालेले. मला घाण दिसली की हात शिवशिवतात. नखानं खरवडून दोन्ही तुकडे काढले, कापसाचा बोळा रॉकेलमध्ये बुडवून कॅसेट पुसली. एका कोपऱ्यातला गोंद काही निघेना, तो राहू दिला. आईनं विचारलं, "काय करून राह्यली?" मी म्हटलं, "याला जपावं लागतं."

आता आमची चूक कुठून सुरू झाली ते सांगायला हवं. आमच्याकडे कॅसेट दोनच प्रकारची असायची. एक सिनेमाची. ए बाजूला एक सिनेमा, बी बाजूला दुसरा. दुसरी चॉईसची. आदिलाबादच्या बसस्टँडजवळच्या रिकार्डिंगच्या दुकानात कोरी कॅसेट आणि आपल्या हातानं लिहिलेली यादी द्यायची, चार दिवसांनी भरून मिळायची. अशी कॅसेट म्हणजे भरवणाऱ्याचं मन असायचं. कोणतं गाणं पहिलं, कोणतं शेवटी, सगळ्याला अर्थ. आमच्या कॉलेजात दोन लग्नं आणि एक मारामारी अशा याद्यांवरून झाली होती. तेव्हा बारा वेगवेगळ्या सालांची बारा गाणी एका कॅसेटवर आहेत म्हटल्यावर ती कोणीतरी निवडलीत हे उघड होतं. आणि ती आमच्याकडे भावाकडून आली होती, उत्तर पाठवा म्हणून.

"त्याला तोंडानं सांगता येत नाही," बाबा म्हणाले, "म्हणून गाण्यातून सांगून राह्यला. मुधोळचंच असणार."

"पन इंग्रजीत काऊन?" आई म्हणाली. "मले कळू नाई म्हनून?"

"इंग्रजीत लाज वाटत नाही माणसाला," बाबा म्हणाले. आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

त्या क्षणी मी खरं बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "दोनदा ऐकावं लागेल."

पुढचे तीन रविवार दुपारी जेवणं झाली की आम्ही तिघं रेडिओ-टेपच्या टू-इन-वनभोवती बसत होतो. करंट गेला तर सेल घालून. बाबांनी शाळेतली शंभर पानी वही आणली, आडव्या रेघा मारल्या, आणि वर लिहिलं, गाणे, कवीस काय म्हणावयाचे आहे, होकार की नकार. मी ऐकत होते आणि मला जे शब्द सापडत ते सांगत होते. गाणारा माणूस मोठ्यानं ओरडत होता, त्याच्या मागे ढोल वाजत होते आणि गिटार असं विव्हळत होतं की आमची शेळी पहिल्या रविवारी दावं तोडून गेली. त्यातून मला रस्ता, घर, पाऊस, बाई आणि रेल्वे इतकं मिळालं. अधलंमधलं मी आपल्या पदरचं घातलं.

पहिल्या गाण्यात तो घर सोडून निघाला होता, असं मी सांगितलं. बाबा म्हणाले, बरोबर, बंगलोर. दुसऱ्यात रस्ता फार होता. तिसऱ्यात एक बाई होती.

"मुधोळची?" बाबांनी विचारलं.

"गावाचं नाव नाही घेतलं."

"घेणारच नाही. चांगल्या वळणाचा आहे." आणि त्यांनी होकाराच्या रकान्यात खूण केली.

पाचव्या गाण्यात तो माणूस 'नो' म्हणाला. एकदा नाही, लागोपाठ अकरा वेळा, आणि शेवटच्याला आवाज फाटला. बाबांची पेन्सिल थांबली.

"याचा अर्थ तर मलाही कळला," ते म्हणाले.

"कोनी पानी पाजा ना त्याले," आई म्हणाली.

मी सारवासारव केली की इंग्रजीत लाडानंही नो म्हणतात. बाबांनी त्याला पुरावा मागितला. 

आई मधे मधे भलतंच बोलायची. दुसऱ्या रविवारी बी बाजू लागली आणि ती म्हणाली, "हा मानूस म्हातारा झाला."

"कोण?"

"हाच, गानारा. त्या बाजूले जवान होता, पोट्ट्यासारखा वरडत होता. आता त्याचा आवाज बसला. दम लागून राह्यला त्याले."

बाबा हसले. "अगं, ती वेगवेगळी माणसं आहेत. पाच जणांचा फोटो आहे."

"एकच हाय. म्या त्याले आता वळखते."

मीही हसले. इंग्रजी येणारी मी, आणि आई मला गाणाऱ्याचं वय सांगत होती. पण तिचा चेहरा उतरला होता. ज्वारीचं सूप मांडीवर तसंच ठेवून ती म्हणाली, "तिकडं एकटा एकटाच म्हातारा झाला असन. हेच कळवून राह्यलं माहं लेकरू."

वहीत ते लिहायला रकाना नव्हता.

तिसऱ्या रविवारी हिशेब असा झाला की होकाराची चार गाणी, नकाराची सात, आणि एक नुसतंच वाजवलेलं. बाबांना ते फार लागलं. मुलगी त्यांना मनापासून पसंत होती. पण पोराच्या मनाविरुद्ध करायचं नाही हा त्यांचा शब्द होता. पौर्णिमा पंधरा दिवसांवर आली होती. त्यांनी तिथंच मुधोळला पत्र लिहिलं, आपली कन्या सर्व प्रकारे योग्य असून आमचाच योग नाही, वगैरे. पाकिटाला तिकीट लावलं.

"उद्या शाळेत जाताना टाकतो," ते म्हणाले. मग जरा घुटमळून, "शेवटचं गाणं एकदा लाव. नो येतं का पाहू."

मी लावलं. अर्ध्या गाण्यात गाणाऱ्याचा आवाज एकदम बाळासारखा झाला, मग राक्षसासारखा, आणि मशीननं फीत खाल्ली. ओढून काढली तर हातभर फीत चुरगळून बाहेर आली. आईनं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

सोमवारी सकाळी बाबा पाकीट खिशात घालून निघाले तेव्हा आई दारात आडवी उभी राहिली. "ते दुरुस्त होऊन येऊ द्या. त्याचं पुरं ऐकलं नाई तं उत्तर कसं देता?" बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि पाकीट माझ्याकडे दिलं. "रिकार्डिंगच्या दुकानात जाऊन ये, आणि मग टाक."

दुकानदार पिकलेल्या मिशांचा, तेलुगू आणि हैदराबादी हिंदी एका दमात बोलणारा माणूस होता. त्यानं पेन्सिलीनं फीत आत घेतली, चुरगळलेला भाग नखानं सरळ केला आणि डबीचा कागद पाहून मान हलवली.

"बहुत पुराना बँड है मॅडम. बुढ्ढे हो गये सब."

मी विचारलं, एवढी चांगली चॉईस कुठे भरून मिळते, बंगलोरला का?

"चॉईस नइं है ये. कंपनी का माल है. बीस-पच्चीस साल में जो गाने चले, वो कंपनीवाले चुन के एक में डाल देते. पुराने पहले, नये बाद में."

"मग गाणारी माणसं..."

"एकीच है गानेवाला. शुरू में छोकरा था, आखिर में बुढ्ढा."

 तीन रविवार, शंभर पानी वही, सात नकार. आणि बरोबर काय ते एकट्या आईला ऐकू आलं होतं.

एवढ्यात त्यानं कॅसेट उजेडात तिरपी धरली आणि वरच्या कोपऱ्यातल्या गोंदावर बोट फिरवलं. "इस की पट्टी किधर गई?"

"मैंने निकाली."

"कायकू?"

"सफाई के वास्ते."

त्यानं कॅसेट काउंटरवर ठेवली. मग समजावून सांगितलं. कंपनीच्या कॅसेटला वर दोन खाचा असतात, म्हणून तिच्यावर काही भरता येत नाही. खाचांवर पट्टी चिकटवली की भरता येतं. कोणीतरी ही कॅसेट आवाज भरण्यासाठीच तयार करून दिली होती. "आखाती वाले ऐसाच करते ना. इधर से अम्मा बोलती, उधर बेटा सुनता."

मी पाकीट टपालपेटीत टाकलं नाही. ते घेऊन तशीच घरी आले.

बाबा शाळेतून येईपर्यंत मी आईला काही सांगितलं नाही, कारण एकदाच ओरडा खावा असा विचार होता. पण सांगितल्यावर कोणी ओरडलं नाही. आई सावकाश म्हणाली, "मागल्या गल्लीतल्या बाईचा पोरगा आखातात हाय ना. तिचं बोलनं क्यासेटीत भरून द्याचा तो आपलाच पोरगा. तू तवा शिकाले निर्मलले हॉस्टेलात होती." म्हणजे भावाला वाटलं होतं की पट्ट्या पाहून आम्हाला कळेलच. आणि त्याला गाण्यातून काही सांगायचंच नव्हतं. फुटपाथवर स्वस्तात मिळाली ती कॅसेट त्यानं घेतली होती. त्याला ऐकायचं होतं, आईचं.

"पण माझी पत्रं जातात की," बाबा म्हणाले. "त्यात तुझंही असतं."

आई ज्वारी निवडत राहिली.

त्या संध्याकाळी मी दवाखान्यातली चिकटपट्टी आणून दोन्ही खाचांवर लावली, अगदी नेटकी. आता सुरुवातीपासून भरायचं म्हटलं तर आईनं हात धरला.

"त्याच्यावर नाई."

"कोणाच्या?"

"म्हाताऱ्याच्या. सारा जनम गेला त्याचा त्याच्यात. पुसतं का कोनी?"

मी म्हटलं, अगं, त्याच्या अशा हजारो कॅसेट असतील. ती ऐकेना. शेवटी शोध घेतला तर बी बाजूला बारावं गाणं संपल्यावर थोडी फीत कोरी उरली होती. दोन मिनिटं, फार तर तीन. बाबांनी तेवढ्यात मावेल असा मजकूर कागदावर लिहिला आणि मला म्हणाले, तू तिला एकेक वाक्य सांग. 'चिरंजीवास अनेक आशीर्वाद' इथून सुरुवात होती. आईनं कागद घेतला, घडी घातली आणि मांडीखाली ठेवून त्यावर बसली. मग मला बटण दाबायची खूण केली.

"ऐकून राह्यला का? मी बोलून राह्यली. म्हाताऱ्याचं झालं, आता माहं. पोरगी म्या पाह्यली. नाकीडोळी चार पोरी असतेत तशी हाय. चहात साखर लय टाकते. पन म्या मांगं हात धुवाले गेली तं माह्या मांगं मांगं आली. म्हने, मावशी, मले नोकरी कराची हाय, आनि तुमच्या पोराशी सोता बोलल्याबिगर मी हो म्हननार नाई, घरच्याईनं कितीबी म्हनलं तरी. मले पयले धसकाच बसला. मंग मले आवडली. हे तुह्या बाबाले म्या तीनदा सांगतलं. त्याईनं लिवलं, विचारी आहे."

बाबांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याला पुसायला लागले. आई थांबली नाही.

"म्हनून तू ये आनि बोल तिच्यासंगं. नाई पटलं तं नाई. पन कार्डावर मजेत आहे लिवत जाऊ नको, मले तुहा आवाज म्हातारा झाल्यासारखा वाटते. आनि एक ध्यानात ठेव. बोलाले जाशीन तवा सगळ्यात आंधी तिले इच्यार, की..."

टक. फीत संपली.

"की काय?" बाबांनी विचारलं.

आई मशीनकडे पाहत होती. "संपलं?"

पुढचं वाक्य भरायला जागा नव्हती. बाबा म्हणाले, ते मी चिठ्ठीत लिहितो. "राहू द्या," आई म्हणाली, जरा घाईनंच. कॅसेट दुसऱ्या दिवशी पार्सलनं गेली.

भाऊ पौर्णिमेच्या चार दिवस आधी आला, कोणाला न कळवता, खांद्याला पिशवी लावून. बाबांशी पत्राबद्दल काही बोलला नाही. आईला फक्त म्हणाला, "की काय, माय?"

"कायचं काय?"

"सगळ्यात आधी तिला काय विचारू?"

आईनं आठवून पाहिलं. "आता नाई आठवत. तवा होतं तोंडात."

तो तसाच मुधोळला गेला. तिथे दोघं त्यांच्या अंगणात तासभर बोलत बसली होती आणि घरचे खिडकीतून पाहत होते. लग्न पुढच्या वर्षी झालं. वहिनी नोकरीला लागली, आणि चहात अजून साखर जास्तच टाकते.

पण त्या दिवशी भावानं आधी काय विचारलं यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. भाऊ म्हणतो, नोकरीचं विचारलं. वहिनी म्हणते, खोटं, यांनी आधी विचारलं की तुम्हाला इंग्रजी गाणी आवडतात का, आणि मला वाटलं याचं डोकं फिरलं आहे, मी नाहीच म्हणणार होते. भाऊ त्यावर सांगतो की आईपर्यंत पोचायला त्याला दर वेळी बारावं गाणं ऐकावं लागायचं. फीत पुढे पळवली की नेमकी आई निघून जायची. त्यामुळे त्या दिवसांत त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

ती कॅसेट अजून चालते. दिवाळीत सगळे जमलो की कोणीतरी लावतंच. म्हातारा आपलं शेवटचं गाणं म्हणतो, दमून थांबतो, मग आईचा तेव्हाचा आवाज येतो. 'सगळ्यात आंधी तिले इच्यार, की' इथवर आलं की खोलीत कोणी हलत नाही. आईसुद्धा नाही. ती पुढे वाकून, डोळे बारीक करून ऐकत असते. टक झालं की सगळे तिच्याकडे पाहतात. कोणी तरी विचारतंच. कधी ती म्हणते, साखरेचं असन. कधी म्हणते, देव जाने, मले काय माईत, तुमी शिकलेले हाय ना, तुमीच सांगा, आणि हे म्हणताना माझ्याकडे पाहते. 

मागच्या खेपेला मात्र ती म्हणाली, "पुन्यांदा लाव."

"तुझं?"

"माहं काऊन? म्हाताऱ्याचं."